मेनफ्रेमचा रिपोर्ट शाखेतल्या प्रिंटरवर: प्रिंट सर्व्हर बसवण्याची सविस्तर रीत

मेनफ्रेम, म्हणजे मोठा मध्यवर्ती संगणक, पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, प्रिंटर जळगाव, शहादा नाहीतर चाळीसगावच्या शाखेत, आणि दोघांच्या मधे तळहाताएवढा एक डबा: प्रिंट सर्व्हर. डबा भिंतीला लावून त्याला केबल जोडायला फार वेळ लागत नाही. पुढचे दोन दिवस मात्र कागदावर उमटणाऱ्या चिन्हांच्या खिचडीत जातात, कारण मेनफ्रेमची लिहिण्याची पद्धत वेगळी आणि दुकानातून आणलेल्या प्रिंटरची वेगळी. कोणीतरी मधे रूपांतर करावंच लागतं. ते होस्टवर (म्हणजे मेनफ्रेमवर) करायचं, डब्यात की प्रिंटरमध्ये, हे आधी ठरवा, आणि एकाच ठिकाणी करा. या लेखातलं बाकी सगळं त्या एका निर्णयाच्या मागून येतं.

हा लेख जिल्ह्याच्या गावी बसून हे काम करणाऱ्या हार्डवेअर-नेटवर्किंगवाल्यांसाठी आहे. होस्टचा पासवर्ड आपल्याकडे नसतो, तिकडची माणसं फोनवर भेटतात, आणि इकडे शाखाधिकारी मागे उभे राहून विचारत असतात, "काय भाऊ, निघेल ना आज?"

आधी फोन, मग पेचकस

डबा विकत घेण्यापूर्वी होस्ट सांभाळणाऱ्यांना विचारायचं: तुमच्याकडून नेमकं काय येणार आहे? उत्तर साधारण तीनपैकी एक असतं.

पहिला प्रकार साधा लाइन डेटा. नुसती अक्षरं, बहुतेकदा १३२ रकान्यांची ओळ, आणि ओळीच्या पहिल्या रकान्यात छपाईचं नियंत्रण-चिन्ह. मोकळी जागा असेल तर एक ओळ खाली, शून्य असेल तर दोन, आडवी रेघ असेल तर तीन, १ असेल तर नवीन पान, अधिकचं चिन्ह असेल तर त्याच ओळीवर पुन्हा छापायचं. थकबाकी याद्या, पगारपत्रकं, दिवसअखेरचे रिपोर्ट बहुधा असेच येतात. हे काम सगळ्यात सोपं.

दुसरा प्रकार एसएनएचा, म्हणजे आयबीएमच्या जुन्या नेटवर्क पद्धतीचा. यात होस्टला समोर आयबीएमचा ३२८७ सारखा प्रिंटर आहे असंच वाटत असतं आणि तो त्याच्याच भाषेत बोलतो. टीसीपी/आयपीवरून हे टीएन३२७०ई या पद्धतीनं येतं, तिचं १९९८ चं प्रमाण आरएफसी २३५५ आहे. इथे होस्टकडून एलयूचं नाव, म्हणजे होस्ट या प्रिंटरला ज्या नावानं ओळखतो ते, मागून घ्या. ते नाव चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही कागद हलणार नाही.

तिसरा एएफपी किंवा आयपीडीएस, म्हणजे आयबीएमच्या पान-छपाईच्या पद्धती. यात फॉन्ट, चौकटी, लोगो, बारकोड असं सगळं पानाचं वर्णनच येतं, आणि प्रिंटरनं प्रत्येक टप्प्यावर होस्टला उलट उत्तर द्यावं लागतं. साधा डबा इथे कामाचा नाही. आयपीडीएस समजणारा प्रिंटर तरी लागेल, नाहीतर तसं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर. "बघू, जमवू" म्हणून शब्द देऊ नका.

याच फोनवर आणखी चार गोष्टी लिहून घ्या: कोड पेज (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, याचा तक्ता) कोणतं, पानाला ओळी किती, पान संपल्यावर फॉर्म फीड (नवीन पानाची आज्ञा) येतं की रिकाम्या ओळी भरून येतात, आणि रूपांतर तुम्ही करणार की आम्ही. शेवटच्या प्रश्नावर पलीकडे जरा शांतता पसरते. उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आयबीएमच्या एएस/४०० लाही मेनफ्रेमच म्हणतात. १९८८ साली आलेली ती यंत्रं खरं तर मिडरेंज, म्हणजे मधल्या आकाराची, पण छपाईची दुखणी तीच. उलट तिथे एक सोय आहे. होस्ट प्रिंट ट्रान्सफॉर्म नावाची सुविधा यंत्रातच असते. रिमोट आउटपुट क्यू (दूरच्या प्रिंटरसाठीची कामांची रांग) तयार करताना जोडणीचा प्रकार आयपी, पलीकडचं यंत्र 'इतर', ट्रान्सफॉर्म 'होय' आणि प्रिंटरची कंपनी-मॉडेल निवडलं की होस्ट स्वतःच प्रिंटरच्या भाषेत डेटा पाठवतो. तसं असेल तर आपल्या डब्यानं काहीही करायचं नाही, आलेलं जसंच्या तसं पुढे ढकलायचं.

रूपांतर एकदाच

मेनफ्रेम १९६४ च्या सिस्टीम/३६० पासून एब्सिडिक या संकेतात अक्षरं ठेवतं, प्रिंटर आस्की समजतो. इंग्रजी मोठा ए एब्सिडिकमध्ये हेक्स (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) सी१, आस्कीत ४१. मोकळी जागा एब्सिडिकमध्ये ४०, आस्कीत २०. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवरची एलपीआर (नेटवर्कवरून छपाईला पाठवायची) आज्ञा बायनरीचा, म्हणजे जसंच्या तसं पाठवायचा, पर्याय दिला नाही तर पाठवतानाच आस्की करून टाकते. आता मधल्या सॉफ्टवेअरमध्येही कोणी 'एब्सिडिक ते आस्की' वर टिचकी मारून ठेवली असेल, तर झालेल्याचंच पुन्हा रूपांतर होतं. शेवभाजीत दोघांनी मीठ टाकलं तरी वाया, आणि दोघांनी एकमेकांवर सोडलं तरी अळणी.

कुठे करायचं, याचं माझं मत असं: साधा मजकूर असेल तर होस्टवरच करून घ्या. तिथे एकदा केलं की जळगाव, धुळे, नंदुरबार सगळीकडे सारखंच उतरतं आणि शाखेतला डबा जळाला तर नवीन डबा लावून पाच मिनिटांत मोकळं होता येतं. चित्रं, लोगो, चौकटी असतील आणि लाइन बारीक असेल तर मात्र रूपांतर शाखेतल्या पीसीवर ठेवा. १३२ रकाने गुणिले ६६ ओळी म्हणजे पूर्ण भरलेलं पान ८,७१२ अक्षरांचं. ६४ केबीपीएसच्या लाइनवरून अशी ५०० पानं साधारण नऊ मिनिटांत येतात. तेच पान होस्टवर चित्र करून पाठवलं तर कैक पटींनी फुगतं, आणि काउंटरवरच्या बाकीच्या कामाचीही लाइन तुंबते.

डबा कोणता

प्रिंटरमध्येच नेटवर्क कार्ड असेल तर वेगळा डबा घेऊ नका. एचपीची जेटडायरेक्ट कार्डं १९९१ पासून आहेत आणि आजच्या बहुतेक ऑफिस लेझरमध्ये तशीच सोय आत असते. डॉट मॅट्रिक्स आणि लाइन प्रिंटरला बाहेरचा डबा लागतो. घेताना पॅरलल पोर्ट आहे का ते पाहा. नुसता यूएसबीचा डबा काही जुन्या प्रिंटरना ओळखतच नाही. खोक्यावर एलपीडी (एलपीआरनं आलेलं काम घेणारी सोय) आणि रॉ पोर्ट (आलेलं जसंच्या तसं घेणारं दार), दोन्ही लिहिलेलं असावं. फक्त विंडोजच्या ड्रायव्हरवर चालणारे स्वस्त डबे मेनफ्रेमसाठी निरुपयोगी, कारण होस्टवर तो ड्रायव्हर बसत नाही.

टीएन३२७०ई असेल तर सरळ एक पीसी प्रिंट सर्व्हर म्हणून लावा. त्यावर प्रिंटर सेशन चालू राहिलं पाहिजे, पीसी सुरू झाला की सेशन आपोआप सुरू झालं पाहिजे, आणि तो पीसी झोपी जाता कामा नये. पॉवर सेव्हिंग बंद करा. संध्याकाळी निघताना कोणीतरी सवयीनं बटण बंद करतं, म्हणून त्या पीसीला मॉनिटर न ठेवलेलाच बरा.

जुन्या इमारतीत भिंतीतून काळी कोॲक्स केबल निघालेली दिसेल. ती ३२७० टर्मिनलची, ९३ ओहमची आरजी-६२ असते. जुन्या इथरनेटची ५० ओहमची. टोकाला दोन्हीकडे बीएनसी कनेक्टर सारखाच, म्हणून फसगत होते. जाडसर, दोन तारांची ट्विनॅक्स असेल तर ती ५२५० टर्मिनलची. त्यांच्या नादी न लागता नवीन कॅट-६ ओढा आणि स्वीचपासूनचं अंतर १०० मीटरच्या आत ठेवा.

जागा, वीज आणि आपला उन्हाळा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पुष्कळ नेटवर्क उपकरणं ४० अंशांपर्यंतच चालायची हमी देतात. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या वर डबा ठेवू नका. प्रिंटरच्या मागे, हेडची गरम हवा जिथे येते, तिथेही नको. दुपारी तीनला बंद पडून संध्याकाळी आपोआप चालू होणारा डबा बिघडलेला नसतो, तापलेला असतो.

कोरड्या उन्हाळ्यात कंटिन्युअस कागदावर स्थिर वीज साठते आणि पानं एकमेकांना चिकटून ओढली जातात. पावसाळ्यात तोच कागद ओल धरतो आणि ट्रॅक्टरच्या (प्रिंटरमधल्या कागद ओढणाऱ्या दात्यांच्या) भोकांशी फाटतो. कागदाचा गठ्ठा फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा आणि वापरण्याच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत उघडून ठेवा. जिनिंगच्या ऑफिसात कापसाची तूस ट्रॅक्टरमध्ये आणि सेन्सरवर बसते. तिथे 'पेपर आउट' ची खोटी तक्रार आली तर सेटिंगला हात लावण्याआधी ब्रश घ्या.

अर्थिंग मोजा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर पॅरलल केबल जोडू नका. प्रिंटर एका फेजवर, डबा यूपीएसवर आणि दोघांची अर्थिंग निराळी, असं असेल तर पॅरलल पोर्ट जळण्याची शक्यता दाट. दोन्ही एकाच अर्थिंगवर घ्या आणि केबल लावता-काढताना दोन्ही बंद ठेवा. लाइन प्रिंटर मात्र यूपीएसवर घेण्याआधी त्याचा भार बघा. लहान यूपीएस छपाई सुरू होताच किंचाळतो.

आयपी, गेटवे, पोर्ट

डब्याला कायमचा आयपी द्या. उदाहरणार्थ १९२.१६८.१०.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (दुसऱ्या नेटवर्कात जायचं दार) १९२.१६८.१०.१. हा पत्ता डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) वाटपाबाहेरचा हवा, नाहीतर एखाद्या सोमवारी तोच नव्या लॅपटॉपला मिळेल.

गेटवे भरायला विसरू नका. शाखेतल्या पीसीवरून प्रिंट निघते आणि होस्टवरून निघत नाही, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा गेटवेच पाहतो. पीसी आणि डबा एकाच नेटवर्कात असल्यामुळे त्यांना गेटवे लागत नाही. होस्ट दुसऱ्या नेटवर्कात असतो. त्याची मागणी डब्यापर्यंत पोचते, पण डब्याला उत्तर कुठून पाठवायचं ते कळत नाही.

होस्ट कोणत्या दारानं येणार ते बघून फायरवॉलमध्ये वाट द्या. एलपीआर असेल तर पोर्ट ५१५, रॉ छपाईला ९१००, आयपीपी या छपाईच्या पद्धतीला ६३१. टीएन३२७०ई मध्ये दिशा उलटी असते. शाखेतला पीसी होस्टकडे जातो, बहुधा २३ वर किंवा सुरक्षित जोडणी असेल तर ९९२ वर.

एलपीआरची एक गंमत माहीत असू द्या. १९९० च्या आरएफसी ११७९ नुसार पाठवणाऱ्याचा स्वतःचा पोर्टही ७२१ ते ७३१ यांपैकीच असावा लागतो, म्हणजे एकूण अकरा. जोडणी संपली तरी तो पोर्ट काही काळ अडकून राहतो. एकेक पानाच्या पावत्या भराभर पाठवल्या की अकरा निघतात आणि मग काही मिनिटं शुकशुकाट. लोक प्रिंटर बंद-चालू करतात, तेवढ्यात पोर्ट मोकळे होतात आणि सगळ्यांना वाटतं बटणानंच काम झालं. उपाय होस्टवर आहे: पावत्या एकत्र करून एकच काम पाठवणं, किंवा या बंधनाबाहेरचे पोर्ट वापरायचा पर्याय चालू करणं. तसं केलं तर फायरवॉलचा नियमही बदला.

क्यूचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे, लहान-मोठ्या लिपीसकट. जेटडायरेक्टवर 'रॉ' नावाची क्यू आलेलं तसंच पुढे पाठवते, 'टेक्स्ट' नावाची क्यू ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत जायची आज्ञा) घालते, 'ऑटो' स्वतः ओळखायचा प्रयत्न करते. होस्टनं रूपांतर केलेलं असेल तर रॉच वापरा. ऑटोवर विसंबू नका.

पासवर्ड बदला, एसएनएमपीचं (उपकरणावर दुरून नजर ठेवायच्या सोयीचं) 'पब्लिक' हे नाव बदला, टेलनेट (दुरून आज्ञा द्यायची उघडी वाट) बंद करा आणि परवानगीच्या यादीत फक्त होस्टचा व शाखेतल्या एका पीसीचा पत्ता ठेवा. ९१०० ला कोणीही काहीही पाठवलं तरी ते छापलं जातं. एलपीआरमध्ये मजकूर उघडाच जातो, म्हणून पगारपत्रकाची वाट व्हीपीएनमधूनच काढा.

कागदाचं गणित

आपल्या बाजारात मिळणारी कंटिन्युअस स्टेशनरी बहुतेक १० बाय १२ किंवा १५ बाय १२ इंचांची. बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचं मूळ सेटिंग पुष्कळदा ११ इंचांचं. इंचाला सहा ओळी धरल्या तर ११ इंचांत ६६ ओळी, १२ इंचांत ७२. सेटिंग ११ वर राहिलं तर पहिलं पान छान येतं, दुसऱ्याचं मथळं एक इंच आधीच सुरू होतं, तिसऱ्याचं दोन इंच. बारा पानांत कागद अकरा लागतात, म्हणून तेरावं पान पुन्हा अचूक जुळतं. "कधी बरोबर येतं, कधी नाही" या तक्रारीचं मूळ इतकं साधं असतं.

होस्ट फॉर्म फीड पाठवत असेल तर फक्त प्रिंटरवर पानाची लांबी १२ इंच करा, ६६ ओळी तशाच राहू द्या. रिकाम्या ओळी भरून पान पुरं करत असेल तर होस्टवर ७२ करून घ्यावं लागेल. डब्यात याचा इलाज नाही.

लेझरवर ए४ मध्ये १३२ रकाने बसवणं हा वेगळाच छळ. उभ्या पानावर इंचाला १६.६७ अक्षरं घेतली तर ७.९२ इंच लागतात. एचपीच्या पीसीएल या प्रिंटर-भाषेत ए४ ला मुळात १० पिचची (इंचाला दहा) ७८ अक्षरं, म्हणजे ७.८ इंच मिळतात, त्यात १३० रकाने मावतात. शेवटचे दोन गायब. रिपोर्टच्या उजव्या टोकाला पैशाचा रकाना असतो, तेव्हा नेमके पैसे कापले जातात. प्रिंटरच्या मेनूत 'वाइड ए४' चालू केलं की ८० अक्षरांची जागा मिळते आणि १३२ बसतात. आडव्या पानावर १२ पिचनं ११ इंचांत रकाने आरामात येतात, पण मग ६६ ओळी बसवायला इंचाला ८.८ पर्यंत दाटी करावी लागते. वाचणारे साहेब साठीच्या घरात असतील तर एक नमुना आधी दाखवून घ्या.

चाचणी खालून वर

होस्टवरून पहिलंच ५०० पानांचं काम सोडू नका. आधी प्रिंटरची स्वतःची चाचणी काढा. मग डब्याचं माहितीपान काढून त्यावरचे आयपी आणि गेटवे वाचा. मग शाखेतल्या पीसीवरून साधी मजकुराची फाइल ९१०० वर पाठवा. त्यानंतर दुसऱ्या नेटवर्कातून पिंग. शेवटी होस्टवरून एक पान, आणि ते बरोबर आलं तर दहा पानं. दहाच का, तर पान सरकण्याचा दोष एका पानात दिसत नाही.

आता लक्षणं. मोकळ्या जागांच्या ठिकाणी ई-मेलमधलं ॲटचं चिन्ह भरून आलं, तर एब्सिडिक तसंच आलंय, रूपांतर कोणीच केलेलं नाही. हेक्स ४० म्हणजे तिकडे मोकळी जागा आणि इकडे ॲट. अक्षरं-आकडे ठीक पण उभ्या रेघांच्या जागी उद्गारचिन्हं आली, तर कोड पेज ०३७ आणि ५०० यांची अदलाबदल आहे, कारण हेक्स ४एफ एकात उभी रेघ आणि दुसऱ्यात उद्गारचिन्ह. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत गेल्या तर लाइन फीड (एक ओळ खाली जायची आज्ञा) येतंय, कॅरेज रिटर्न नाही. सगळ्या ओळी एकीवर एक छापून काळा पट्टा झाला तर उलटं. दोन ओळींत विनाकारण एक रिकामी ओळ येत असेल तर प्रिंटरचं ऑटो लाइन फीड बंद करा. प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात १ छापला जातोय आणि मधेमधे शून्यं दिसताहेत, तर पहिल्या रकान्यातलं नियंत्रण-चिन्ह मजकूर समजून छापलं जातंय. होस्टच्या एलपीआरमध्ये कॅरेज कंट्रोलचा पर्याय चालू करायला सांगा.

यांपैकी काहीच जुळत नसेल तर हेक्स डंप काढा. एप्सन पद्धतीच्या बऱ्याच डॉट मॅट्रिक्सवर ठरावीक दोन बटणं दाबून ठेवत प्रिंटर चालू केला की आलेला प्रत्येक बाइट आकड्यांत छापला जातो. कोणती बटणं ते मॅन्युअलमध्ये असतं. आकडे एफ० ते एफ९ असे दिसले तर एब्सिडिक, ३० ते ३९ दिसले तर आस्की. तो कागद फोटो काढून होस्टवाल्यांना पाठवला की फोनवरचा वाद तिथेच मिटतो.

छापलं की नुसतं पोचलं?

एलपीआरनं काम गेलं की होस्ट 'झालं' म्हणतो. त्याचा अर्थ डब्यानं घेतलं इतकाच. कागद अडकला, रिबन संपली, हे होस्टला कळत नाही. थकबाकी यादीला हे चालतं, पुन्हा काढता येते. डिमांड ड्राफ्ट, पावती, क्रमांक छापलेली स्टेशनरी यांना चालत नाही. तिथे टीएन३२७०ई किंवा आयपीडीएस घ्या, कारण त्यात प्रिंटरकडून उत्तर परत जातं.

दुसरा धोका दुबार छपाईचा. कागद संपला, शिपाई चहाला गेला, डबा थांबला. ठरलेला वेळ उलटला की जोडणी तुटते, आणि जेटडायरेक्टमध्ये तो वेळ मूळचा २७० सेकंदांचा असतो. होस्ट मग काम पुन्हा पहिल्या पानापासून पाठवतो. इंचाला दहा अक्षरांच्या, सेकंदाला ३०० अक्षरं छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्सवर भरगच्च ५०० पानांना चार तास लागू शकतात, मधे कागद संपणारच. वेळ वाढवून घ्या, मोठा रिपोर्ट शंभर-शंभर पानांत तोडून घ्या, आणि रोजचीच एवढी छपाई असेल तर लाइन प्रिंटर मागा. मिनिटाला ५०० ओळींचा लाइन प्रिंटर तेच काम साधारण तासाभरात करतो.

मराठी छपाई

एब्सिडिकच्या नेहमीच्या कोड पेजमध्ये देवनागरी नाही. २०१० साली आलेलं रुपयाचं चिन्हही नाही, म्हणून रिपोर्टवर आरएस. छापलेलं दिसतं. जुन्या व्यवस्थेत पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट हे भारतीय लिप्यांचं तंत्र आणि १९९१ चं इस्की हे त्या लिप्यांच्या संकेताचं प्रमाण वापरलेलं आढळेल. इस्कीत भारतीय लिपीची अक्षरं तक्त्याच्या वरच्या अर्ध्या भागात असतात आणि एब्सिडिक-आस्की रूपांतर नेमका तोच भाग विस्कटून टाकतं. म्हणून असा मजकूर बायनरी पर्यायानं, रॉ क्यूवरच पाठवायचा. नव्यानं करत असाल तर युनिकोडमधला मजकूर पीसीवर घेऊन तिथे पानाचं चित्र करून छापा. डॉट मॅट्रिक्सवर ते फार हळू निघतं. ग्राहकाच्या नोटिसा लेझरवर आणि आतले रिपोर्ट इंग्रजीत डॉट मॅट्रिक्सवर, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

सोपवताना

डब्यावर चिकटपट्टीनं एक कागद लावा: आयपी, गेटवे, क्यूचं नाव, एलयूचं नाव असेल तर ते, कागदाची लांबी, आणि 'रूपांतर होस्टवर' किंवा 'रूपांतर पीसीवर'. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो शाखाधिकाऱ्यांकडे बंद पाकिटात द्या. डब्याचं कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उतरवता येत असेल तर उतरवून दोन ठिकाणी ठेवा. होस्टवाल्यांना सांगा की छापून झालेला रिपोर्ट स्पूलमधून (होस्टवरच्या छपाईच्या साठ्यातून) लगेच पुसू नका, शाखेनं दुसऱ्या दिवशी सकाळी पानं मोजून होकार दिल्यावरच पुसा. आणि शाखेतल्या एका माणसाला, शक्यतो जो रोज कागद भरतो त्यालाच, डब्यावरचा कोणता दिवा कधी लुकलुकतो ते दाखवून ठेवा. रात्री साडेनऊला फोन आलाच, तर "प्रिंटर चालत नाही" च्या ऐवजी "हिरवा लागलाय, पिवळा बंद आहे" एवढं तरी ऐकू येईल.